नफा कुणाच्या पदरात, भार कुणाच्या डोक्यावर: स्थलांतराच्या अर्थकारणाची पार्श्वभूमी

सप्टेंबर १९७२. कंपालाहून निघणाऱ्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात ब्रिटनमधल्या लेस्टर शहराच्या कौन्सिलने पैसे मोजून एक जाहिरात दिली. युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीन याने ऑगस्टमध्ये आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायचं फर्मान काढलं होतं. त्यांतले हजारो जण ब्रिटिश पासपोर्टवर ब्रिटनकडे निघायच्या तयारीत होते. जाहिरातीचा मथितार्थ एवढाच, की लेस्टरला येऊ नका. घरांसाठी हजारो कुटुंबं आधीच प्रतीक्षा यादीत आहेत, शेकडो मुलांना शाळेत जागा मिळालेली नाही, आरोग्य आणि समाजसेवा विभाग ताणाने मेटाकुटीला आले आहेत, अशी कारणं दिली होती.

ही जाहिरात आज वंशद्वेषाचा नमुना म्हणून सांगितली जाते आणि ते चुकीचंही नाही. पण तिच्यात काय नाही, तेही पाहायला हवं. नोकऱ्यांबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. घर, शाळा, दवाखाना ही कौन्सिलच्या दारात येऊन पडणारी कामं. नव्या माणसांनी कमावलेल्या पैशांवरचा आयकर मात्र लंडनच्या तिजोरीत जाणार होता. स्थलांतराने देशाचं भलं होतं की वाटोळं, या वादाची खरी मेख इथे आहे. 'देशाचा फायदा' मोजताना सगळा देश एकच खिसा असल्यासारखा धरला जातो. प्रत्यक्षात पैसा एका खिशात जमा होतो आणि खर्च दुसऱ्यातून होतो.

जाहिरातीचा उपयोग शून्य झाला. ब्रिटनमध्ये आलेल्या सुमारे २८ हजार जणांपैकी कित्येक हजार लेस्टरलाच जाऊन राहिले. काहींच्या मते तर त्या जाहिरातीमुळेच शहराचं नाव घराघरांत पोचलं. बेलग्रेव्ह रोडवरची बंद पडत चाललेली दुकानं त्यांनी चालवायला घेतली आणि पुढे तीच बाजारपेठ शहराची ओळख झाली. तिकडे युगांडात अमीनने हाकललेल्यांची दुकानं-कारखाने आपल्या मर्जीतल्या लोकांना वाटले. साखर कारखाने बसले, दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. या पडझडीला निव्वळ हकालपट्टी कारणीभूत नव्हती. त्या राजवटीने हात लावला ते मोडलं. तरी १९९० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी त्याच लोकांना परत या, मालमत्ता परत घ्या, असं आवतण दिलं, ते काही उगाच नव्हे.

वाद अर्थात त्याहून फार जुना आहे. सतराव्या शतकातल्या राजांना माणसं हवीच होती, कारण माणसं म्हणजे कर आणि सैन्य. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, तेव्हा सुमारे दोन लाख ह्युगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, देश सोडून पळाले. त्याच वर्षी ब्रांडेनबुर्ग-प्रशियाच्या शासकाने पोट्सडामची सनद काढून त्यांना बोलावलं. काही वर्षं करमाफी, घर बांधायला मदत, धंदा सुरू करायला सवलती. तीस वर्षांच्या युद्धाने त्याचा मुलूख ओसाड पडला होता, त्यामुळे औदार्य आणि हिशेब दोन्ही जमून आले. सुमारे २० हजार ह्युगनो तिकडे गेले. प्रशियाच्या कापड कारखान्यांच्या जुन्या नोंदी अलीकडे अर्थतज्ज्ञांनी तपासल्या, तेव्हा जिथे ह्युगनो वसले होते तिथली उत्पादकता शंभर वर्षांनंतरही जास्त असल्याचं आढळलं. कसब माणसाबरोबर येतं आणि शेजाऱ्यांतही पसरतं.

लंडनमध्ये मात्र याच ह्युगनोंविरुद्ध स्थानिक विणकर ओरडत होते. हे लोक कमी पैशांत काम करतात, आमचे दर पाडतात, अशी ती ओरड. १७०९ मध्ये ब्रिटिश संसदेने परदेशी प्रोटेस्टंटांना सहज नागरिकत्व देणारा कायदा केला आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठचे हजारो कफल्लक शेतकरी लंडनला येऊन धडकले. रेशीम विणणाऱ्यांची वाट पाहणाऱ्या सरकारला मैदानांत तंबू ठोकून त्यांना पोसावं लागलं. तीनच वर्षांत कायदा रद्द झाला. 'कोण येतंय' हा प्रश्न 'येऊ द्यावं का' या प्रश्नाइतकाच निर्णायक ठरतो, हे तेव्हापासूनचं आहे.

अमेरिकेने हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर अनुभवला. रेल्वे बांधायला आलेले चिनी मजूर काम संपल्यावर डोळ्यांत खुपू लागले आणि १८८२ मध्ये त्यांना बंदी करणारा कायदा आला. तो १९४३ पर्यंत टिकला. पण युरोपातून लोंढा चालूच होता. १९०७ या एकाच वर्षात जवळपास १३ लाख लोक आले. त्याच साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, स्थलांतराच्या चौकशीसाठी डिलिंगहॅम आयोग नेमला. आयोगाने चार वर्षांत ४१ खंडांचा अहवाल दिला. आकडेवारी डोंगराएवढी, पण उत्तर युरोपातून आलेले जुने ते चांगले आणि इटली, पोलंड, रशियातून येणारे नवे ते उणे, हा चष्मा आधीच डोळ्यांवर चढवलेला. शेवटी १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे ठरले आणि दक्षिण व पूर्व युरोपाचा दरवाजा जवळजवळ बंद झाला.

मग मजुरी वाढली का? ज्या शहरांत जास्त स्थलांतरित आले होते, त्यांचा पुढे अभ्यास झाला. तिथे कारखान्यांचं उत्पादन आणि स्थानिकांचा रोजगार वाढलेला दिसला, पण स्थलांतराला विरोध करणारे उमेदवारही तिथेच जास्त निवडून आले होते. कोट्यांनंतर शहरांतली रिकामी जागा मेक्सिको आणि कॅनडातून आलेल्यांनी भरली, कारण त्यांना कोटा लागू नव्हता. अमेरिकेच्याच दक्षिण भागातून आलेले लोकही ती जागा भरणाऱ्यांत होते. शेतीत मालक यंत्रांकडे वळले.

यंत्रांची गोष्ट पुढे आणखी स्पष्टपणे दिसली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर आणायची 'ब्रासेरो' योजना सुरू झाली. भरात असताना वर्षाला चार लाखांवर मजूर येत. स्वस्त मजुरांमुळे आपल्या लोकांची मजुरी मरते, या कारणाने १९६४ च्या अखेरीस ती बंद करण्यात आली. कॅलिफोर्नियातले टोमॅटोवाले तेव्हा बुडालो म्हणून आक्रोश करत होते. पण तिथल्याच डेव्हिस शहरातल्या विद्यापीठात आधीच दोन कामं बरोबरीने चालू होती. एक टोमॅटो काढणारं यंत्र, आणि दुसरं त्या यंत्राला सोसणारा टोमॅटो: कडक सालीचा, एकाच वेळी पिकणारा, आपटला तरी न फुटणारा. यंत्र अख्खं झाड बुडातून कापून वर उचलायचं, हलवून फळं मोकळी करायचं आणि वर उभ्या असलेल्या बायका-माणसांनी हिरवी, सडकी फळं वेचून टाकायची. दशक संपेपर्यंत प्रक्रियेसाठी जाणारा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. कित्येक दशकांनी ब्रासेरो असलेल्या आणि नसलेल्या राज्यांतली शेतमजुरी ताडून पाहिली, तेव्हा मजूर हटवल्याने मजुरी जास्त वाढल्याचं दिसलंच नाही. राजकारण्यांनी गृहीत धरलं होतं की काम तेवढंच राहील, फक्त करणारे बदलतील. इथे कामच बदललं.

जर्मनीने वेगळं गणित मांडलं होतं. १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून 'पाहुणे कामगार' बोलावले. यायचं, काही वर्षं काम करायचं, परत जायचं. सप्टेंबर १९६४ मध्ये कोलोनच्या स्टेशनवर उतरलेल्या आर्मांदो रॉद्रिगेस या पोर्तुगीज सुताराला दहा लाखावा कामगार म्हणून मोपेड भेट मिळाली. तिच्याबरोबरचं त्याचं छायाचित्र सगळीकडे छापून आलं. यात कंपन्यांची चैन होती. तयार, तरुण, धडधाकट माणूस मिळे आणि त्याच्या बालपणाचा नि शिक्षणाचा खर्च दुसऱ्याच देशाने केलेला असे. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोक आले आणि त्यांतले बहुसंख्य परतही गेले. मग १९७३ च्या तेलटंचाईत भरती थांबवण्यात आली आणि हिशेब उलटला. आता एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर राहिलेल्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. दार लावल्यामुळेच लोक आत राहिले, आणि शाळांचा, घरांचा खर्च गावोगावच्या नगरपालिकांपुढे येऊन उभा राहिला.

अर्थतज्ज्ञांच्या वर्तुळात मात्र वाद रंगला तो मायामीवरून. १९८० मध्ये क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोने मारिएल बंदर मोकळं केलं आणि काही महिन्यांत सव्वा लाख क्यूबन बोटींनी अमेरिकेत आले. मायामीतले कामकरी हात एकदम ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन अशा शहरांशी केली आणि मजुरीवर जवळपास काहीच परिणाम नसल्याचं दाखवलं. आलेली माणसं फक्त काम मागत नाहीत. ती भाडं भरतात, किराणा घेतात, केस कापून घेतात. पुढे २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल मिळालं. त्याआधी जॉर्ज बोर्हास यांनी, जे स्वतः लहानपणी क्यूबातून आलेले, तीच आकडेवारी पुन्हा उलगडून शाळाही पूर्ण न केलेल्या पुरुषांची मजुरी १० ते ३० टक्के घसरल्याचा दावा केला. त्यावर इतरांनी नमुना फार लहान असल्याकडे, आणि पाहणीत कोणाला धरलं तेच मधल्या काळात बदलल्याकडे बोट दाखवलं. भांडण आजही मिटलेलं नाही. माझ्या मते सरासरीबाबत कार्ड यांची बाजू वजनदार आहे. पण बोर्हास यांचा 'कुणाची सरासरी?' हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही.

तिजोरीच्या हिशेबात तर ही विभागणी उघडच दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९९७ आणि २०१६ मध्ये दोन जाडजूड अहवाल दिले. पहिल्या पिढीतले स्थलांतरित राज्यांना आणि स्थानिक संस्थांना महाग पडतात, मुख्यतः त्यांच्या मुलांच्या शाळांमुळे. तीच मुलं मोठी झाली की सर्वांत जास्त भर घालणाऱ्या करदात्यांत मोडतात. म्हणजे शाळेचं बिल आज एका शहराने भरायचं आणि वीस वर्षांनी वसुली बऱ्याच अंशी वॉशिंग्टनने करायची.

ब्रिटनमध्ये हे ओळखून एक छोटा उपाय झालाही होता. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश युरोपीय संघात आले, तेव्हा ब्रिटनने त्यांना कामाचा परवाना पहिल्याच दिवसापासून मोकळा केला. वर्षाला जास्तीत जास्त १३ हजार लोक वाढतील, असा अंदाज होता. तो इतर मोठे देशही दारं उघडतील हे धरून केलेला होता, आणि त्यांनी ती उघडली नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या २००१ मध्ये सुमारे ५८ हजार होती, ती २०११ मध्ये ५ लाख ७९ हजार झाली. २००९ मध्ये सरकारने व्हिसाच्या शुल्कावर थोडा अधिभार लावून वर्षाला साडेतीन कोटी पौंडांचा निधी उभा केला. तो शाळा, दवाखाने, पोलीस यांच्यासाठी नेमका स्थलांतराचा भार पडलेल्या भागांना द्यायचा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या सरकारने काटकसरीत तो गुंडाळला. लिंकनशरमधल्या बॉस्टन परगण्यात, जिथल्या भाजीपाल्याच्या शेतांवर आणि पॅकिंगच्या शेड्समध्ये पूर्व युरोपीय कामगार मोठ्या संख्येने आले होते, २०१६ च्या सार्वमतात ७५.६ टक्के मतं युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने पडली. देशात ते प्रमाण सर्वाधिक होतं.