वसंतातील पक्षिनिरीक्षण

फाल्गुन-चैत्रात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, घरापासून चालत जाता येईल अशा टेकडीवर, तळ्याकाठी, शेताच्या बांधावर किंवा सोसायटीच्या आवारात पक्षी पाहण्याचा छंद. अभयारण्याचे तिकीट लागत नाही. जुनी दुर्बीण, वही आणि लवकर उठण्याची तयारी पुरते. महाराष्ट्रात पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबरला असतो, कारण ५ तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या आणि १२ तारीख पक्षितज्ज्ञ सालीम अलींच्या जन्माची. पण नवशिक्याला वसंतच सोपा. पानगळ झालेली असते, आणि एरवी पानाआडून नुसता ऐकू येणारा पक्षी उघड्या फांदीवर सापडतो.

या दिवसांत भटकण्यापेक्षा एका फुललेल्या झाडाखाली थांबणे जास्त फळते. काटेसावर, पळस आणि पांगारा ही त्यासाठीची हक्काची झाडे. सावरीचे फूल जाड, लाल, वाटीएवढे. त्याच्या तळाशी मध साचतो. तो प्यायला बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, हळद्या आणि इवलासा चष्मेवाला येतात, आणि मधासाठी डोके आत घातले की कपाळाला पराग माखून बाहेर निघतात. खारही त्याच पंगतीला असते. पळसाच्या कळीचा बाक चोचीसारखा, म्हणून त्याचे संस्कृत नाव किंशुक, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ हिवाळाभर ज्वारीवर ताव मारणाऱ्या भोरड्या (पळसमैना) मध्य आशियाकडे परतण्याआधी याच झाडांवर गर्दी करतात. त्यांच्या कलकलाटात बाकी काही ऐकू येत नाही.

कान लावले तर ओळख लवकर पटते. हिवाळ्यात जवळजवळ मुका असलेला दयाळ मार्चपासून पहाटे तारेवर बसून शीळ घालतो. तांबटाची ठोक्यासारखी ‘टुक टुक’ भर उन्हातही थांबत नाही. ‘कुहू’ हा नर कोकिळाचा आवाज. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी ‘किक-किक’ ओरडते. कवितांनी मात्र गाणे कोकिळेच्या नावावर केले आहे. सुगरणीची विणकामे पाहायची असतील, तर पावसाळ्याची वाट पाहावी लागते. वसंतात झाडाला लटकलेली बहुधा गेल्या वर्षीची असतात.

सूर्योदयापासून नऊपर्यंतची वेळ उत्तम. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावण्याची सवय अलीकडे फोफावली आहे. ती वाईट, कारण विणीच्या दिवसांत नराला प्रतिस्पर्धी आल्यासारखे वाटते आणि तो घरटे व गाणे सोडून धावतो. घरट्याचा जवळून फोटो काढण्याचा मोहही टाळलेला बरा.

मोकळ्या माळावर टिटवीचे भान ठेवावे. ती घरटे बांधत नाही; उथळ खळग्यात खड्यांसारखी दिसणारी चार अंडी घालते. डोक्यावर घिरट्या घालत ती ओरडू लागली, की अंडी जवळच आहेत असे समजून आल्या पावली मागे फिरावे. म्हणीतली टिटवी समुद्र आटवते. प्रत्यक्षातली, ऊन चढले की पाण्यात पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते.