अडगळीतून दिवाणखान्यात: जुन्या वस्तूंनी घर सजवण्यामागचा इतिहास

जुन्या बाजारात सापडलेला एखादा दिवा घरी आणायचा, त्याच्या काचेच्या रंगावरून पडद्यांचा रंग ठरवायचा, आणि मग आवडत्या नक्षीचं एखादं कापड शोधून त्याच्याशी जुळवायचं. घर सजवण्याची ही रीत आज इतकी ओळखीची झाली आहे की ती कायमच होती असं वाटावं. तशी ती नव्हती. कितीतरी शतकं, ज्याला परवडायचं तो नवं सामान करून घ्यायचा. दुसऱ्याने वापरून सोडलेलं सामान घरात असणं ही ऐपत नसल्याची खूण मानली जाई. जुनेपणाला मान होता, पण तो देवळातल्या, राजवाड्यातल्या किंवा घराण्यात चालत आलेल्या वस्तूंना. कुणा अनोळखी माणसाने टाकलेली खुर्ची हौसेने उचलून बैठकीत मधोमध मांडावी, ही कल्पना बरीच उशिरा आणि आडवाटेने रुजली.

याला एक ठळक अपवाद जपानमध्ये दिसतो. सोळाव्या शतकात तिथल्या चहा-विधीच्या गुरूंनी कोरियातून आलेले साधे, ओबडधोबड वाडगे उचलून धरले. ‘इदो’ नावाने ओळखले जाणारे हे वाडगे कलाकृती म्हणून घडवलेले नव्हते. बोटांचे वळ, ग्लेझला (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाला) पडलेल्या बारीक भेगा, तळाशी गोठलेले थेंब, सगळं तसंच होतं, आणि बघणाऱ्यांना नेमकं तेच भावलं. पुढे १९२५ मध्ये विचारवंत यानागी सोएत्सू आणि त्यांच्या मित्रांनी सामान्य माणसांच्या रोजच्या वस्तूंमधल्या या सौंदर्याला ‘मिंगेई’ असं नाव दिलं आणि १९३६ मध्ये टोकियोत अशा वस्तूंचं संग्रहालयच उभं केलं. सापडलेल्या साध्या वस्तूकडे आदराने बघण्याची दृष्टी मला इथे सर्वांत आधी आणि सर्वांत स्वच्छ दिसते.

युरोपात सुरुवात झाली ती विद्वत्तेच्या बाजूने. ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या इटलीतल्या दोन रोमन शहरांचं, १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचं आणि १७४८ मध्ये पॉम्पेईचं, उत्खनन सुरू झालं, आणि राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन घरांच्या भिंती, दिवे, भांडी लोकांनी पाहिली. ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन यांनी इटलीत जमवलेले प्राचीन कलश ब्रिटिश म्युझियमने १७७२ मध्ये विकत घेतले. त्याआधीच त्या कलशांच्या छापील चित्रांवरून इंग्लिश कुंभारकाम-उद्योजक जोसाया वेजवूड आपल्या ‘एट्रुरिया’ कारखान्यात नवी भांडी घडवू लागले होते. जुनी वस्तू स्वतःच्या घरात नसली, तरी तिची नक्षी नव्या वस्तूवर उतरवून घरात आणता येते, हे इथे व्यापारी पातळीवर सिद्ध झालं. त्याच शतकात लंडनजवळ लेखक होरेस वॉलपोल यांनी आपल्या घरातल्या शेकोट्यांच्या चौकटी मध्ययुगीन थडग्यांच्या नक्षीवरून करून घेतल्या. मात्र ही सगळी हौस श्रीमंतांची होती आणि तिला पांडित्याचा वास होता.

सामान्य घरापर्यंत हा विचार पोचायला यंत्रयुग यावं लागलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कारखान्यांच्या मालाचे डोंगर उभे राहिले. त्यातल्या बऱ्याच मालावर इतकी नक्षी लादलेली होती की वस्तू कोणत्या कामाची हेच कळेना. यातून धडा घेऊन कारागिरांना आणि कारखानदारांना चांगले जुने नमुने दाखवणारं संग्रहालय निघालं. तेच पुढे साउथ केन्सिंग्टन म्युझियम झालं, आणि नंतर व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट. तिथे तासन्‌तास बसून जुनी कापडं बारकाईने बघणाऱ्यांत इंग्लिश नक्षीकार विल्यम मॉरिस होते.

मॉरिस यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘आवडतं डिझाइन’ म्हणून आज घराघरांत जे लावलं जातं त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. नवं घर बांधल्यावर त्यात ठेवण्याजोगं सामान बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी आणि मित्रांनी ते स्वतःच करायला घेतलं. त्यातून १८६१ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. १८८३ मधलं त्यांचं ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे कापड अनेकांनी पाहिलं असेल: निळ्याशार पार्श्वभूमीवर स्ट्रॉबेरी पळवणारे पक्षी. बागेतल्या फळांवर ताव मारणाऱ्या खऱ्याखुऱ्या पक्ष्यांवरून ते सुचलं होतं. छपाईची पद्धत मात्र जुनी आणि किचकट निवडली. आधी सगळं कापड निळीत रंगवायचं, मग जिथे दुसरे रंग हवेत तिथली नीळ ठशांनी रसायन लावून उडवायची, आणि त्या पांढऱ्या जागेत लाल-पिवळा भरायचा. वेगाने छापून देणारी यंत्रं उपलब्ध असताना त्यांनी हा वेळखाऊ मार्ग धरला, कारण रंगाची तशी खोली दुसऱ्या पद्धतीने येत नव्हती. हेच मॉरिस पुढे संग्रहालयाला जुन्या वस्तू निवडायला मदत करत. १५३९-४० मध्ये विणलेला, साडेदहा मीटर लांबीचा अर्दबीलचा इराणी गालिचा १८९३ मध्ये संग्रहालयाने घेतला, त्यामागे त्यांचा आग्रह होता. इतिहासातून शिकायचं आणि त्यातून आपलं काही नवं काढायचं, हे त्यांच्या कामात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दुसऱ्या कुणाच्या कामात दिसतं.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे वेगळंच काही घडत होतं. स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी, १८७६ मध्ये, फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं. वसाहतकाळच्या साध्या घरांबद्दल जिव्हाळा वाढला आणि माळ्यावर पडलेले सूत कातायचे चरखे खाली उतरून दिवाणखान्यात आले. त्यावर कुणी सूत कातणार नव्हतं. ते काम गिरण्यांनी केव्हाच हिरावून घेतलं होतं. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. वस्तूचं काम संपल्यावरच तिचा घाट, तिच्या लाकडाची झिलई, हातांनी गुळगुळीत झालेली कडा डोळ्यांत भरू लागली. आज शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर टेबल करणारे किंवा जुन्या छापखान्यातला अक्षरांच्या खिळ्यांचा खण भिंतीवर टांगणारे याच वाटेने चाललेले असतात.

आता पॅरिसला जायला हवं, कारण ‘सापडलेली वस्तू’ या कल्पनेला तिथे कायमचा पत्ता मिळाला. एकोणिसाव्या शतकात त्या शहरात चिंध्या आणि भंगार वेचणाऱ्यांची मोठी जमात होती. रात्री रस्त्यावर टाकलेल्या कचऱ्याचे ढीग उपसून ते विकण्याजोगं जे असेल ते काढत. १८८३ मध्ये प्रीफेक्ट (तिथले सरकारी प्रशासक) युजेन पुबेल यांनी प्रत्येक इमारतीने झाकणबंद कचरापेट्या ठेवाव्यात असा हुकूम काढला. या माणसांच्या पोटावरच पाय आला. त्यांच्यातले अनेक शहराच्या तटाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात पाल ठोकून राहत होते, आणि तिथेच जमिनीवर फडकं पसरून माल मांडत. सँ-उआँ या तटालगतच्या गावाने १८८५ मध्ये रस्ते नीट केले, बसणाऱ्यांकडून जागेचं भाडं घ्यायला सुरुवात केली, आणि ‘पिसवांचा बाजार’ रीतसर सुरू झाला. पिसवांनी भरलेल्या जुन्या गाद्या आणि कपड्यांवरून ते नाव पडलं असं म्हणतात. १९०८ मध्ये मेट्रो जवळपर्यंत आली आणि रविवारी शहरातली खातीपीती माणसं गंमत म्हणून तिथे फिरू लागली. ज्यांनी ही परंपरा उभी केली ते सजावटकार नव्हते, रात्रभर कचरा उपसणारी माणसं होती. त्यांच्या नजरेची पारख या इतिहासात ठळकपणे लिहिली जायला हवी.

त्या बाजारातला एक प्रसंग नोंदलेला आहे. १९३४ मध्ये कवी आंद्रे ब्रेताँ आणि शिल्पकार अल्बेर्तो जाकोमेत्ती तिथे एकत्र फिरत होते. जाकोमेत्तींनी धातूचा एक विचित्र मुखवटा घेतला, ब्रेताँनी लाकडी चमचा, ज्याच्या दांड्याखाली छोटा बूट कोरलेला होता. ब्रेताँच्या सांगण्यानुसार, जाकोमेत्ती तेव्हा एका स्त्रीशिल्पाच्या चेहऱ्यापाशी अडले होते आणि त्या मुखवट्याने ती अडचण सोडवली. शोधायला गेलो ते एक आणि हाती लागलं ते दुसरंच, पण तेच हवं होतं, हा अनुभव जुन्या बाजारात रमणाऱ्या प्रत्येकाला असतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधुनिकतावाद्यांनी जुनं सगळं घराबाहेर काढायचं ठरवलं. १९१९ मध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या विचारातून पोलादी नळ्यांच्या खुर्च्या आल्या, स्वच्छ भिंती आल्या. त्यातल्या कित्येक वस्तू देखण्या आहेत यात वाद नाही. पण घरातला सगळा भूतकाळ पुसून टाकायचा हा हट्ट सगळ्यांना पटला नाही. व्हिएन्नाचे वास्तुकार योझेफ फ्रांक त्यांपैकी एक. वाढत्या ज्यूद्वेषामुळे त्यांनी देश सोडला आणि १९३४ मध्ये स्टॉकहोममध्ये एस्ट्रिड एरिकसन यांच्या ‘स्वेन्स्क्त तेन’ या पेढीसाठी काम सुरू केलं. त्यांचं म्हणणं होतं की जुनं-नवं, निरनिराळे रंग, निरनिराळ्या नक्ष्या एकत्र ठेवायला हरकत नाही. माणसाला मनापासून आवडलेल्या वस्तू आपोआप एकमेकींशी जमवून घेतात. राहती खोली योजून केलेली दिसू नये, योगायोगाने जमून आल्यासारखी दिसावी, हा विचार त्यांनी १९५८ च्या एका लेखात ‘अ‍ॅक्सिडेंटिझम’ या नावाने मांडला. महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये असताना त्यांनी एरिकसन यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, १९४४ मध्ये, पन्नास नव्या नक्ष्या पाठवल्या. मॉरिस त्यांना प्रिय होते आणि ते त्या पानाफुलांत दिसतं. मॉरिसकडून आलेली नक्षीची परंपरा आणि बाजारात वस्तू शोधण्याची परंपरा, दोन्ही फ्रांक यांच्यापाशी एका खोलीत येतात. आज आपण ज्या मोकळेपणाने घर सजवतो त्याचा खरा जनक मी त्यांनाच मानतो.

एखादी वस्तू टाकाऊ कधी होते आणि पुन्हा हवीशी कधी होते, याचं सर्वांत नेटकं उत्तर मानववंशशास्त्रज्ञ मायकल थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये दिलं. काही वस्तूंची किंमत वर्षागणिक उतरते, काहींची चढते. पहिल्या गटातून दुसऱ्यात जाण्याचा रस्ता कचऱ्यातून जातो. मधला काळ असा असतो की वस्तूला कुणी विचारत नाही, आणि म्हणूनच कुणीतरी तिच्याकडे नव्याने बघू शकतं. त्यांनी उदाहरण घेतलं ते कॉव्हेंट्रीच्या थॉमस स्टीव्हन्स यांच्या विणलेल्या रेशमी चित्रांचं. १८६० मध्ये फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि कॉव्हेंट्रीचा फितींचा धंदा कोसळला. स्टीव्हन्स यांनी त्याच जॅकार्ड मागांवर (नक्षी विणणाऱ्या मागांवर) पुस्तकखुणा विणायला घेतल्या, आणि १८७९ पासून भिंतीवर लावायची चित्रं. ती घरोघरी गेली, मग फॅशन ओसरली. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कारखानाही जळाला. कित्येक वर्षं ती चित्रं म्हणजे जुनाट पसारा होती. १९६० च्या दशकात संग्राहक त्यांच्यामागे धावू लागले.

एकदा हा क्रम लक्षात आला की तो सगळीकडे दिसतो. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात झळकलेली शैली चाळीसेक वर्षं मागे पडली. १९६६ मध्ये पॅरिसमध्येच तिच्यावर प्रदर्शन भरलं आणि त्यानंतर ‘आर्ट डेको’ हे नाव सर्वत्र रूढ झालं. १९४९ मधली हान्स वेगनर यांची विशबोन खुर्ची, १९५० च्या सुमाराच्या चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या फायबरग्लासच्या खुर्च्या, या पिढीच्या फर्निचरचंही तेच झालं. १९८४ मध्ये आलेल्या एका पुस्तकाने ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ (शतकाच्या मध्याची आधुनिक शैली) हे नाव लोकांच्या तोंडी बसवलं, आणि मुलांना नको असलेलं सामान नातवंडं शोधू लागली.

चंडीगढच्या खुर्च्यांचं उदाहरण तर चटका लावणारं आहे. वास्तुकार पिएर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या राजधानीतल्या कचेऱ्यांसाठी, ग्रंथालयांसाठी सागवान आणि वेताच्या, उलट्या व्हीसारख्या पायांच्या खुर्च्या केल्या. वेत फाटला, सांधे खिळखिळे झाले आणि त्या गच्च्यांवर, आवारात ढिगाने पडल्या. भंगार म्हणून त्यांचे लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या आणि आंतरराष्ट्रीय लिलावांत विकल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने हा वारसा जपण्याचे आदेश दिले, तोवर बरंच काही गेलेलं होतं.

जुन्याची कायदेशीर व्याख्याही याच काळात बदलत गेली. अमेरिकेच्या १९३० च्या कायद्यात १८३० पूर्वीच्या वस्तूलाच ‘अँटिक’ म्हणून आयातकरातून सूट होती, म्हणजे यंत्रांनी हातकामाची जागा घेण्याआधीच्या. १९६६ पासून शंभर वर्षांची अट आली. त्याहून तरुण वस्तूंना ‘व्हिंटेज’ म्हणायची पद्धत पडली. एट्सी या ऑनलाइन बाजाराने तर वीस वर्षांची मर्यादा पुरेशी मानली. १९९५ मध्ये ईबे हा ऑनलाइन बाजार आणि २०१० मध्ये पिंटरेस्ट ही चित्रं जमवण्याची साइट आल्यावर शोधणं सोपं झालं, पण सगळ्यांना एकाच वेळी तेच दिसू लागलं. पडद्यावर पाहिलेल्या खोलीची हुबेहूब नक्कल करण्यात मला रस वाटत नाही. एकाच दशकाच्या सामानाने भरलेलं घरही संग्रहालयातल्या दालनासारखं परकं वाटतं.

जुन्या वस्तूंबरोबर जुने धोकेही घरात येतात. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक वॉलपेपरच्या हिरव्या रंगात आर्सेनिक असे, मॉरिस यांच्याही सुरुवातीच्या काही नमुन्यांत होतं. अमेरिकेने घरगुती वापराच्या रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं. त्यामुळे त्याआधीचा रंगवलेला पाळणा किंवा कपाट कोरडं घासू नये. धूळ मुलांच्या पोटात जाते. जुन्या दिव्याची वायर आणि होल्डर बदलूनच तो लावावा.

थॉम्पसन यांनी सांगितलेल्या कचऱ्याच्या त्या मधल्या काळात सध्या काय आहे, असं विचाराल तर गडद महोगनीची, एकोणिसाव्या शतकातली भारदस्त कपाटं आणि खणांची टेबलं. या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांची मागणी घसरत आली आहे, कारण घरं लहान झाली आणि खोल्या उजळ हव्याशा वाटू लागल्या. त्यांचा एखादा खण बाहेर ओढून कोपऱ्यातला एकमेकांत अडकणाऱ्या दातांचा डव्हटेल सांधा पाहा. सुताराने हाताने कापलेले दात किंचित असमान असतात आणि बहुधा अजूनही घट्ट बसलेले असतात. फिकट भिंतीसमोर असं एकच कपाट, शेजारी पन्नासच्या दशकातली हलकी खुर्ची आणि तिच्यावर पानाफुलांचं एखादं कापड, एवढी जुळणी कुणीही करून बघावी. ही कपाटं तूर्त फारशी कुणाला नको आहेत, त्यामुळे निवडायला भरपूर वाव आहे.