सोयराबाई

सोयराबाई : (मृत्यू सु. ऑक्टोबर १६८१). छत्रपती शिवाजी महाराजांच्या पट्टराणी व छत्रपती राजाराम महाराजांच्या मातोश्री. कराडजवळील तळबीडच्या मोहिते घराण्यातील संभाजी मोहिते यांच्या त्या कन्या. सरनोबत (सरसेनापती) हंबीरराव मोहिते हे त्यांचे बंधू. शहाजीराजांच्या पत्नी तुकाबाई याही मोहिते कुळातल्याच असल्याने भोसले-मोहिते सोयरीक आधीच्या पिढीपासूनची होती. सुपे परगण्यात शिवाजीराजांनी ज्यांना पकडून आपला अंमल बसवला ते संभाजी मोहिते आणि सोयराबाईंचे वडील एकच, असे काही लेखक गृहीत धरतात. परंतु केवळ नावाच्या साम्यावर हा निष्कर्ष काढणे धाडसाचे वाटते. विवाहाच्या वर्षाबाबतही एकमत नाही. काही अभ्यासक तो महाराजांच्या थोरल्या पत्नी सईबाईंच्या हयातीतच झाला असे मानतात, तर काही सईबाईंच्या निधनानंतर, म्हणजे १६६० च्या सुमारास. कन्या बाळीबाई व २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावर जन्मलेले राजाराम ही त्यांची अपत्ये. राजाराम पालथे उपजले, तेव्हा ‘दिल्लीची पातशाही पालथी घालील’ असे महाराज म्हणाल्याचे सभासद सांगतो; पण सभासदाने आपली बखर राजारामांच्याच आश्रयाने जिंजीस लिहिली, हे ही कथा वाचताना विसरता येत नाही.

सोयराबाईंच्या दरबारी स्थानाचा पाया राज्याभिषेकात आहे. मे १६७४ अखेरीस महाराजांची मुंज व हयात राण्यांशी समंत्रक विवाह हे विधी झाले आणि ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या अभिषेकास सोयराबाई पट्टराणी म्हणून बसल्या. महाराजांच्या दुसऱ्या एक राणी काशीबाई यांचे निधन त्याच वर्षी मार्चमध्ये झाले होते. अभिषेकानंतर अकरा दिवसांनी जिजाबाईही गेल्या. त्यामुळे राणीवशातील ज्येष्ठत्व सोयराबाईंकडे आले. सरनोबत प्रतापराव गुजर फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या लढाईत पडल्यावर त्यांच्या जागी हंबीररावांची नेमणूक झाल्याने माहेरचे बळही वाढले. मात्र त्याच सोहळ्यात युवराजपद सईबाईंचे पुत्र संभाजीराजे यांच्याकडे गेले होते. पट्टराणीचा मुलगा गादीचा वारस नाही, ही विसंगती त्या विधीतच होती, आणि सोयराबाईंच्या पुढील सर्व हालचालींचा अर्थ तिच्या आधारेच लावावा लागतो.

संभाजीराजे डिसेंबर १६७८ मध्ये मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले व वर्षभराने पन्हाळ्यास परतले. पन्हाळ्याच्या भेटीत महाराजांनी राज्याचे दोन भाग सुचवले, तुंगभद्रेपासून कावेरीपर्यंतचा एक व तुंगभद्रेपासून गोदावरीपर्यंतचा दुसरा, असे सभासद नोंदवतो. ही योजना सोयराबाईंच्या आग्रहातून निघाली असे उत्तरकालीन लेखकांनी म्हटले असले, तरी सभासदाच्या मजकुरात तसे नाही. मार्च १६८० मध्ये रायगडावर राजारामांची मुंज व प्रतापराव गुजरांच्या कन्येशी विवाह झाला. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावरच होते.

३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. सोयराबाईंनी विषप्रयोग केल्याचा आरोप यासंदर्भात पुढे आला. परंतु सभासद ज्वराचे व मुंबईकर इंग्रजांचे त्याच महिन्यातील पत्र रक्तातिसाराचे कारण देते. दोन परस्परांशी संबंध नसलेली साधने नैसर्गिक आजारच सांगत असल्याने हा आरोप बाजूला ठेवणे योग्य. निधनाची वार्ता पन्हाळ्यास लगेच न कळवता अण्णाजी दत्तो, मोरोपंत पिंगळे आदी प्रधानांनी २१ एप्रिल रोजी दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण केले, म्हणजे त्यांना गादीवर बसवले. बेत सोयराबाईंचा होता व प्रधानांनी तो उचलला, की प्रधानांचा होता व राजमाता म्हणून त्यांचे नाव पुढे करण्यात आले, हा अभ्यासकांतील मुख्य वाद आहे. दुसऱ्या मताला पुढे उल्लेखिलेल्या दानपत्राचा आधार मिळतो.

संभाजीराजांना कैद करण्यास निघालेल्या अण्णाजी व मोरोपंतांना हंबीररावांनी कराडच्या बाजूस अडवून पन्हाळ्यास नेले. सख्ख्या बहिणीचा मुलगा गादीवर असता सरनोबताने युवराजाची बाजू घ्यावी, याचे कारण लष्कराचा कल आणि मोगली स्वारीची धास्ती यांत शोधले जाते. काही असो, भावाने पाठ फिरवताच सोयराबाईंचा पक्ष संपला. जून १६८० मध्ये संभाजीराजांनी रायगड ताब्यात घेतला व १६ जानेवारी १६८१ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. अण्णाजी दत्तो यांना कैदेतून मुक्त करून पुन्हा अधिकारपद देण्यात आले.

सोयराबाईंच्या अंताविषयी दोन परंपरा आहेत. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर सांगते की, संभाजीराजांनी रायगडावर येताच त्यांना भिंतीत चिणून मारले. ग्रँट डफने १८२६ मधील इतिहासात, संभाजीराजांनी महाराजांवरील विषप्रयोगाचा ठपका ठेवून त्यांना हालहाल करून मारवले असे लिहिले, आणि तेथून ही हकीकत नाटक-कादंबऱ्यांत पसरली. चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीची, म्हणजे घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी रचलेली आहे. शिवाय तिचा कर्ता बाळाजी आवजी चिटणीसांचा वंशज होता आणि बाळाजींना संभाजीराजांच्या आज्ञेने देहदंड झाला होता. तेव्हा या प्रकरणी त्याची साक्ष तटस्थ मानता येत नाही. उलट पक्षी, २४ ऑगस्ट १६८० रोजी संभाजीराजांनी नामदेवभट बाकरे यांस दिलेल्या संस्कृत दानपत्रात सोयराबाईंचे मन स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे म्हटले असून, दुष्ट मंत्र्यांनी ते सावत्र मुलाविषयी कलुषित केले अशा आशयाचा उल्लेख आहे. दानपत्रातील भाषा प्रशस्तीची असते हे मान्य करूनही, रायगड हाती आल्यावर दोन महिन्यांनी ज्या राजमातेचा उल्लेख आदराने होतो तिला आधीच चिणून मारले होते हे संभवत नाही. वा. सी. बेंद्रे व कमल गोखले यांच्या संशोधनानंतर चिणून मारल्याची कथा सहसा ग्राह्य धरली जात नाही.

दुसऱ्या परंपरेनुसार त्यांचा मृत्यू १६८१ च्या कटाशी निगडित आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस संभाजीराजांना माशाच्या पदार्थातून विष देण्याचा प्रयत्न झाल्याचे इंग्रजी पत्रव्यवहारात आढळते; एका लहान मुलाने वेळीच सावध केल्याने ते वाचले, असे त्यात म्हटले आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शाहजादा अकबर त्या सुमारास पालीच्या परिसरात येऊन राहिला होता. कटवाल्यांनी त्याच्याशी संधान बांधले. त्याने ते संभाजीराजांना कळवले. अण्णाजी दत्तो, त्यांचे बंधू सोमाजी, हिरोजी फर्जंद व बाळाजी आवजी यांना देहदंड झाला. हत्तीच्या पायी दिल्याची परंपरा प्रसिद्ध आहे. यानंतर थोड्याच दिवसांत सोयराबाईंचा मृत्यू झाला. तो विषाने झाला असे बहुतेक लेखक सांगतात. विष त्यांनी स्वतः घेतले की त्यांना ते घेण्यास भाग पाडले गेले, याविषयी मतभेद आहेत. कटात त्यांचा प्रत्यक्ष हात किती होता, याबाबत अधिकार गमावलेले प्रधानच खरे सूत्रधार होते हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

राजाराम संभाजीराजांच्या कारकिर्दीत नजरकैदेत होते. संभाजीराजे मोगलांच्या हाती लागल्यावर फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई यांच्या संमतीने रायगडावर राजारामांचे मंचकारोहण झाले. त्यांच्या पत्नी महाराणी ताराबाई या हंबीरराव मोहिते यांच्या कन्या, म्हणजे सोयराबाईंच्या भाची होत. कोल्हापूरची गादी राजारामांच्या वंशाची आहे.