मेंदूच्या रक्तवाहिन्या, आयन चॅनेल आणि स्टेरॉइड संप्रेरके

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत स्नायुपेशी असतात आणि आतून पातळ पेशींचे अस्तर असते. या दोन्ही पेशींच्या पटलावर पोटॅशियम, कॅल्शियम अशा आयनांना ये-जा करू देणारी प्रथिनांची दारे असतात; त्यांना आयन चॅनेल म्हणतात. इस्ट्राडिओल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन ही कोलेस्टेरॉलपासून बनणारी संप्रेरके या दारांवर दोन वाटांनी काम करतात. जवळची वाट काही सेकंदांची किंवा मिनिटांची असते: रेणू थेट चॅनेलला चिकटतो. लांबची वाट तासांची, दिवसांची असते: रेणू पेशीतल्या ग्राहीला, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला, धरून जनुकांपर्यंत पोचतो आणि कोणते चॅनेल किती बनायचे हेच बदलतो. या दोन वाटांची गल्लत ही या विषयातली सर्वांत मोठी आणि नेहमीची चूक आहे.

आधी धमनीचे काम समजून घ्यावे. ठिबकवर मोसंबी किंवा कापूस घेणाऱ्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला दाब सांभाळणारा ड्रीपर माहीत असतो. लाइनमधला दाब कमी-जास्त झाला तरी आतली रबरी चकती वाकते, वाट तेवढीच अरुंद किंवा रुंद होते आणि झाडाला ठरलेलेच पाणी पडते. मेंदूच्या धमन्याही असेच करतात. सरासरी रक्तदाब ६० ते १५० मिमी पारा या पल्ल्यात असेल तर निरोगी प्रौढाच्या मेंदूचा रक्तप्रवाह फारसा बदलत नाही, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ड्रीपरमधले काम रबर करते, धमनीतले काम पेशीपटलावरचा विद्युत्दाब करतो. रक्ताचा दाब वाढला की स्नायुपेशी ताणली जाते, पटलाचा विद्युत्दाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास येतो, कॅल्शियमचे चॅनेल उघडतात आणि आत आलेल्या कॅल्शियममुळे पेशी आखडते. ताण पडताच रक्तवाहिनी आपणहून आकसते, हे विल्यम बेलिस यांनी १९०२ साली मांडले. आकसण्यात थोडासा फरकही महागात पडतो. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलत असल्याने व्यास १० टक्के घटला तर प्रवाह सुमारे ३४ टक्के घटतो.

म्हणून या आकसण्याला ब्रेक लागतो, आणि तो बीके चॅनेल लावतो. चार अल्फा प्रथिने एकत्र येऊन पोटॅशियमचे हे दार बनते. एकेका दाराची वाहकता २०० पिकोसीमेन्सच्या वर असते. इतर पोटॅशियम चॅनेलांच्या मानाने ही वाट फारच रुंद. पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियमचा छोटा झोत पटलाखाली फुटला की हे दार उघडते, पोटॅशियम बाहेर जाते, पटल जास्त ऋण होते, कॅल्शियमचे चॅनेल मिटतात आणि धमनी सैलावते. हे झोत, म्हणजे कॅल्शियम स्पार्क, मेंदूच्या धमन्यांत काय करतात हे मार्क नेल्सन व सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले. कॅल्शियमने पेशी आखडते आणि कॅल्शियमनेच ती सैल होते, हे ऐकायला उलटे वाटते. पण कॅल्शियम किती आणि कुठे, यावर सगळे अवलंबून आहे.

रक्तवाहिनीच्या स्नायूत बीकेसोबत बीटा-१ नावाचे साहाय्यक प्रथिन असते. स्टेरॉइडची जवळची वाट मुख्यतः इथूनच जाते. इस्ट्राडिओल बीटा-१ असलेले बीके चॅनेल थेट उघडते, हे १९९९ साली दिसले. नुसत्या अल्फा प्रथिनावर तो परिणाम मिळत नाही. लिथोकोलिक आम्ल हे आतड्यातले जिवाणू बनवत असलेले पित्ताम्ल. स्टेरॉइडचाच सांगाडा असलेला हा रेणूही बीटा-१च्या पटलातल्या दुसऱ्या पट्ट्यावर बसतो आणि मेंदूची धमनी रुंदावतो. बीटा-१ काढून टाकलेल्या उंदरांत ही रुंदी येत नाही.

मात्रेचा हिशेब इथेच करायला हवा. इस्ट्राडिओलचे २७२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे १ नॅनोमोलर, आणि पाळीच्या चक्रातले शिखर साधारण याच घरातले. त्यातलेही बहुतेक प्रथिनांना बांधलेले. मोकळे असते जेमतेम २ टक्के. थेट परिणाम मात्र मायक्रोमोलर मात्रेत, म्हणजे हजारपट जास्त मात्रेत दिसतो. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या धमनीवर इस्ट्राडिओल टाकताच ती रुंदावली, एवढ्यावरून ‘बाईच्या शरीरात रोज हेच घडते’ असे म्हणता येत नाही.

परिणाम बीकेमार्फतच झाला का, हे तपासायचे रसायन मराठवाड्याला परके नाही. आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचे विष बीके चॅनेल बाहेरून बुजवते, आणि ते मिळते भारतीय लाल विंचवाकडून. बांधावरच्या दगडाखाली, गोवऱ्यांच्या ढिगात सापडतो तोच. दंशाचा जीवघेणा भाग मात्र या विषाचा नाही. तो सोडियम चॅनेल उघडे ठेवणाऱ्या विषांमुळे येतो: अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, हातपाय गार पडतात, घाम फुटतो. म्हणूनच त्यावर या द्रव्यांचा परिणाम अडवणारे प्राझोसिन हे औषध लागते. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी महाडला हा उपचार रुजवला.

प्रयोगासाठी उंदराच्या मधल्या मेंदूधमनीचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा दोन काचनळ्यांवर बारीक दोऱ्याने बांधतात आणि ३७ अंश सेल्सिअसला ६० मिमी पाऱ्याचा दाब देतात. धमनी आपणहून आकसेपर्यंत थांबायचे. आकसलीच नाही तर तो तुकडा टाकून द्यायचा. बारीक फाट्यातून गळती असेल तर दाब टिकत नाही. हवेचा बुडबुडा आतून गेला तर अस्तर खरवडले जाते आणि अस्तराचा वाटा नसल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. शेवटी कॅल्शियमविरहित द्रावण देऊन पूर्ण सैल व्यास मोजतात. आकसणे त्याच्याच टक्केवारीत मांडतात.

सर्वांत फसवा भाग विद्रावकाचा. स्टेरॉइड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ते अल्कोहोलमध्ये विरघळवतात. द्रावणात ०.१ टक्का अल्कोहोल गेले तर ते १०० मिलिलिटरमागे सुमारे ७९ मिलिग्रॅम होते. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अल्कोहोल स्वतःच मेंदूच्या धमन्यांतले बीके चॅनेल दाबते. त्यामुळे नुसत्या विद्रावकाची वेगळी चाचणी घेतल्याशिवाय आलेख काढू नये.

लांबची वाट रुग्णांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. अंडाशय काढलेल्या उंदरिणींत मेंदूच्या धमन्या जास्त आकसतात. इस्ट्रोजेन परत दिले की अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा धमनी सैलावणारा वायू बनवणारे विकर वाढते आणि आकसणे कमी होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. त्याविषयी बोलताना एक फरक सोडता कामा नये: नुसते गर्भाशय काढले तर इस्ट्राडिओल चालू राहते, अंडाशयही काढले तर ते एकदम घसरते. डिस्चार्ज कार्डावर अंडाशयांविषयी काय लिहिले आहे, हे प्रत्येक बाईला वाचून दाखवले गेले पाहिजे.

मानसिक ताणाच्या संप्रेरकाचे, म्हणजे कॉर्टिसॉलचेही तसेच. चेतापेशी कामाला लागल्या की पोटॅशियम सुटते, जवळच्या सूक्ष्म धमनीवरचे केआयआर नावाचे पोटॅशियम चॅनेल ते ओळखतात आणि रक्त वाढते. सात दिवस ताण दिलेल्या उंदरांच्या अमिग्डाला या भागात हे चॅनेल घटले आणि रक्त वाढेनासे झाले. उंदरांत कॉर्टिसॉलची जागा घेणारे कॉर्टिकोस्टेरॉन नुसते सात दिवस देऊनही तेच घडले. त्याचा ग्राही अडवणारे मिफेप्रिस्टोन हे औषध आधी दिले तर घडले नाही.

सांधेदुखीसाठी मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांत कधीकधी डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे काम करणारे कृत्रिम स्टेरॉइड असते. त्याची ०.७५ मिलिग्रॅमची मात्रा ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या बरोबरीची आहे. गोळी छोटी दिसते म्हणून मात्रा हलकी नसते. अशी गोळी तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर ती एकदम बंद करू नये. शरीराची कॉर्टिसॉल बनवणारी ग्रंथी तोवर मंदावलेली असते, रक्तदाब कोसळतो, आणि दाब सुरुवातीला सांगितलेल्या ६० ते १५० च्या पल्ल्याच्या खाली गेला की धमन्या कितीही सैलावल्या तरी मेंदूला रक्त पुरत नाही. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, उलट्या होतात. अशा माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत घ्यावे.