रबडीचा उलटा प्रवास

नव्या गोबर गॅसला विरजण लागतं. टाकी पहिल्यांदा भरताना चालू टाकीतली रबडी, म्हणजे गॅस निघाल्यावर बाहेर पडणारा पातळ शेणकाला, साधारण दहा टक्के ओतली, की गॅस लवकर धरतो. म्हणजे रबडीत जिवंत जिवाणू असतात हे जुनंच ज्ञान. तरी रोजच्या भरणीत ती परत घालायचा विचार फार उशिरा आला.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 साली मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले. 1951 च्या सुमारास जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टाकीचा नमुना केला, तो खादी आयोगाने गावोगाव नेला. 1984 मध्ये विटांच्या घुमटाचं स्वस्त ‘दीनबंधू’ आलं. या सगळ्यांचं लक्ष गॅसवर. रबडी म्हणजे फुकटचं खत.

पण दोन घनमीटरच्या टाकीला रोज 50 किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं, आणि जवळपास तेवढीच पातळ रबडी बाहेर पडते. बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या पावसात तिचा खड्डा दोन दिवसांत उतू जातो. उन्हात वाळवावी तर अमोनियाच्या रूपातला नत्र उडून जातो. म्हणून ती उसाच्या पाचटावर थराथराने ओतून कुजवणं बरं. त्याच जिल्ह्यातल्या कोरड्या अथणीकडे अडचण उलटी: उन्हाळ्यात कालवायलाच पाणी नसतं. तिथे रबडीचं पाणी परत वापरण्याला खरा अर्थ आहे.

रबडी एक दिवस हौदात निवळू द्यायची, वरचं पातळ पाणी गोणपाटातून गाळायचं आणि 50 लिटर पाण्यापैकी 12-13 लिटर त्याचं घ्यायचं. गाळलं नाही तर चोथा परत जातो, वर साय धरते, नळी तुंबते. जास्त घेतलं तर अमोनिया आणि क्षार साठतात. कोंबडीखत मिसळणाऱ्यांकडे हे आधी होतं. झोंबणारा वास आणि मंद ज्योत दिसली, की पंधरा दिवस साधंच पाणी वापरायचं. क्षारपड जमिनीत तर ही रबडी जपूनच टाकावी.

2018 मध्ये केंद्राने वाहनांसाठी दाबलेल्या बायोगॅसची ‘सतत’ योजना आणली आणि साखर कारखान्यांच्या प्रेसमडला, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाला, भाव आला. या मोठ्या प्रकल्पांत स्क्रू प्रेसने चोथा वेगळा करून पाणी परत फिरवतात. मात्र गंधकाची धुरी देऊन रस निवळणाऱ्या कारखान्याच्या प्रेसमडमधून गंधक येतं, त्याचा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू होतो आणि तेच पाणी फिरत राहिलं तर तो वाढतच जातो.