ठासणीची रायफल आणि सुट्या भागांची जुनी रीत

अमेरिकेत टपालाने एक लांबट खोकं येतं. आत मेपलचा अर्धवट कोरलेला दस्ता, अष्टकोनी नळी, चकमकीची कळ (गारगोटीने ठिणगी पाडणारी यंत्रणा), चाप, पितळी पट्ट्या आणि मूठभर स्क्रू. घरच्या बाकावर कानशी आणि पटाशी चालवत त्यातून अठराव्या शतकातल्या धाटणीची ठासणीची रायफल उभी करायची, हा तिथला एक चिवट छंद आहे. त्यावर हमखास येणारा आक्षेप असा, की भाग आयते मिळाले तर त्यात कारागिरी कसली? मला हा आक्षेप पटत नाही, कारण ज्या जुन्या बंदूककारांच्या नावाने तो घेतला जातो, तेही बहुतेकदा सुटे भाग विकत आणूनच रायफल घडवत.

ठासणीची बंदूक हा शब्द आपल्याकडे कोकणात आजही जिवंत आहे. शेताच्या राखणीसाठी परवान्यावर ती बाळगली जाते. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची, म्हणून ठासणीची. रायफल त्याच जातीची, पण तिच्या नळीत आतून पीळदार चर असतात. गोळी गिरकी घेत बाहेर पडते आणि लांबवर नेम धरून जाते. (भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे आणि ठासणीची बंदूकही त्यात येते. त्यामुळे पुढची सगळी हकीगत अमेरिकेतली आहे.)

अठराव्या शतकात जर्मन भाषक कारागीर पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास, स्थायिक झाले. त्यांच्याबरोबर येगर ही आखूड, जाड नळीची शिकारी रायफल आली. जंगलात महिनोन्महिने फिरणाऱ्या शिकाऱ्याला ती महागात पडायची. एक पौंड शिशातून 0.60 इंच व्यासाच्या वीस-बावीसच गोळ्या निघतात, 0.45 इंचाच्या मात्र पन्नासच्या आसपास. शिसं आणि दारू पाठीवर वाहून न्यायची, म्हणजे हा हिशेब रोजचाच. हळूहळू नळीचा व्यास कमी होत गेला, लांबी चाळीस इंचांच्या पुढे गेली आणि सडपातळ अमेरिकन लाँग रायफल तयार झाली. तिला केंटकी रायफल हे नाव चिकटलं ते 1815 च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर गाजलेल्या एका गाण्यामुळे. घडली ती मुख्यतः पेनसिल्व्हेनियात, नाव मात्र केंटकीचं झालं.

आता सुट्या भागांकडे येऊ. चकमकीची कळ बनवणं हे सगळ्यात किचकट काम. कमानीला नेमकं पाणी द्यावं लागतं, घोड्याने गारगोटी पोलादावर आपटली की ठिणगी थेट रंजकावर, म्हणजे पेट घेणाऱ्या चिमूटभर दारूवर, पडावी लागते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या परिसरात या कामाची वाटणीच झाली होती: कळ करणारे वेगळे, नळी करणारे वेगळे, दस्ता बसवणारे वेगळे. तिथल्या कळा जहाजाने अमेरिकेत यायच्या आणि खेड्यातला बंदूककार त्या विकत घेऊन आपल्या दस्त्यात बसवायचा. नळ्यांचंही तेच. एलिफलेट रेमिंग्टन यांनी न्यूयॉर्क राज्यात 1816 च्या सुमारास सुरू केलेल्या उद्योगाचा मोठा भाग म्हणजे दुसऱ्या बंदूककारांना नळ्या विकणं हाच होता. कारागिराचा हात दिसायचा तो लाकडाच्या वळणात, कोरीवकामात, दस्त्यावरच्या पितळी झाकणात आणि सगळे भाग एकजीव होतील अशा जुळणीत.

पुढे काडतुसं आली आणि ठासणीची रायफल मागे पडली. ॲपलाचिया डोंगरातल्या काही खेड्यांत तेवढी ती टिकली. 1931 मध्ये ओहायोतल्या पोर्ट्‌समथला जुन्या रायफलींची नेमबाजी स्पर्धा भरली आणि तिच्यातूनच 1933 मध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन उभी राहिली. इंडियानातलं फ्रेंडशिप हे लहानसं गाव आज तिचं माहेरघर आहे. लोक आधी आजोबांच्या बंदुका दुरुस्त करून चालवत. त्यांना भाग हवे होते. 1954 मध्ये टर्नर कर्कलंड यांनी टेनेसीतल्या युनियन सिटीत डिक्सी गन वर्क्स सुरू केलं आणि सुट्या भागांची जाडजूड सूचीपुस्तिका घरोघर जाऊ लागली.

छंद फोफावला त्याला एका कायद्याचाही हात लागला. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येतली रायफल टपालाने मागवलेली होती. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टने आधुनिक बंदुकांची अशी राज्याबाहेरची टपालविक्री सामान्य ग्राहकासाठी बंद केली. 1898 पर्यंतच्या बंदुका आणि त्यांच्या ठासणीच्या प्रतिकृती मात्र त्या संघराज्य कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिल्या. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. 1970 मध्ये थॉम्पसन सेंटर कंपनीची हॉकन नावाची ठासणीची रायफल आली, पुढे तिचे सुटे संचही निघाले. 1976 मध्ये स्वातंत्र्याची द्विशताब्दी होती, देशभर जुन्या वेशातले मेळावे भरत होते आणि हे संच भराभर खपत होते.

त्याच काळात व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या जिवंत इतिहास-संग्रहालयात बंदूककार वॉलेस गस्लर यांनी नळीच्या लोखंडापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळी रायफल हाताने घडवून दाखवली. 1969 च्या माहितीपटात ते काम टिपलेलं आहे. तप्त पट्टी सळईभोवती गुंडाळून, ठोकून जोडत जोडत तिची नळी होते, हे पाहताना श्वास रोखला जातो. एका माणसाने सगळंच करणं हे त्या जुन्या काळातही किती दुर्मिळ असेल, ते तिथे कळतं.

घरच्या बाकावर वेळ खातं ते भाग बसवणं. कळेच्या पाठीला दिव्याचं काजळ लावायचं, दस्त्यातल्या खाचेत दाबायचं, उचलायचं. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला तिथेच धातू टेकतोय. तेवढंच पटाशीने पापुद्र्यासारखं काढायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाब. घाईत एक घाव जास्त बसला की कळेभोवती फट राहते आणि ती कायमची दिसते. सगळ्यात शेवटी रंग. लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल फासलं की मेपल आधी हिरवट-करडं, अगदी आजारी दिसतं. मग ऊब देताच ते तांबूस तपकिरी होतं आणि लाकडातले दडलेले आडवे पट्टे एकेक करून वर येतात.