एका अक्षराने घडणारा सिकलसेल

गडचिरोली, चंद्रपूर किंवा नंदुरबारच्या आरोग्य केंद्रात ‘एएस’ आणि ‘एसएस’ हे शब्द सतत कानावर पडतात. एएस म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. दोघांमध्ये उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, एकच असतो. वाहकाकडे बदललेल्या जनुकाची एक प्रत असते, रुग्णाकडे दोन.

रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं बीटा ग्लोबिन हे जनुक 11व्या गुणसूत्रावर आहे. त्यात एका जागी डीएनएचं ‘ए’ हे अक्षर जाऊन ‘टी’ येतं, बस्स. त्यामुळे 146 अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. उरलेली 145 जशीच्या तशी. शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्राम यांनी 1950च्या दशकात केंब्रिजमध्ये हा फरक नेमका शोधून काढला.

पण व्हॅलिनला पाण्याचं वावडं. हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन पेशींना देऊन झाला, की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या रेणूला चिकटतं, रेणूंचे लांबच लांब धागे तयार होतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी ताठरून विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं-सांधे असह्य दुखतात. तान्ह्या मुलांचे हातपाय सुजतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20. रक्त वाढणार कुठून?

मग असा घातक बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? संशोधक अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून उत्तर दिलं: मलेरिया. एकच प्रत असलेल्यांना फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाचा गंभीर आजार होण्याची शक्यता बरीच कमी असते. मलेरियाच्या मुलखात वाहक जगले, त्यांची मुलं जगली, आणि त्यांच्यासोबत हे जनुकही. उत्परिवर्तन चांगलं की वाईट, हे नुसत्या जनुकाकडे बघून सांगता येत नाही ते यामुळेच.

वाहकाला ‘रोगी’ समजून त्याचं लग्न मोडणं मला म्हणूनच फार अन्यायाचं वाटतं. तो सहसा धडधाकट असतो. प्रश्न येतो तो दोन्ही जोडीदार वाहक असल्यास. तेव्हा प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते. लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्यावं ते यासाठी. दोघंही वाहक निघाले, तर गर्भाची तपासणीही करता येते.

उपचारांत हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी अनेकांची दुखणी कमी होतात. गर्भात असताना वापरात असलेलं, जन्मानंतर ओसरणारं हिमोग्लोबिन त्या पुन्हा वाढवतात. हे हिमोग्लोबिन धागे जमू देत नाही. 2023 साली ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला कॅसजेव्ही हा जनुक-संपादनाचा, म्हणजे जनुकात नेमका बदल करण्याचा, उपचारही तेच हिमोग्लोबिन जागवतो. मात्र अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे, त्यामुळे आपल्या रुग्णांचा आधार सध्या तरी गोळ्या आणि वेळेवर तपासणी हाच आहे.